दोरीवरचं ब्लँकेट

जरा डोळे मिटून एक खोली नजरेसमोर आणा. अमेरिकेतल्या एका हमरस्त्याच्या कडेला, मोटारीनं प्रवास करणाऱ्यांसाठी बांधलेली, स्वस्तातली लाकडी खोली. बाहेर धो धो पाऊस. पुढचा पूल वाहून गेल्यामुळं बस अडकून पडलेली. खोलीत दोन खाटा आणि एकमेकांशी लग्न न झालेले, किंबहुना एकमेकांचं तोंडही बघायची इच्छा नसलेले दोघं जण. खिशात पैसे कमी, म्हणून त्यानं दोघांची नोंद नवरा-बायको अशी करून टाकलेली. ती संतापलेली. तो शांतपणे दोन खाटांच्या मधोमध एक दोरी बांधतो, तिच्यावर ब्लँकेट टाकतो आणि सांगतो, ही जेरिकोची भिंत.

बायबलातली कथा अशी की, जेरिको शहराची अभेद्य तटबंदी यहोशवाच्या लोकांनी तुताऱ्या फुंकताच कोसळली. आमच्या नायकाकडं तुतारी नाही, हे तो तिला आवर्जून सांगतो.

हा प्रसंग 'इट हॅपन्ड वन नाइट' या १९३४ सालच्या चित्रपटातला. दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा, लेखक रॉबर्ट रिस्किन, नायक क्लार्क गेबल आणि नायिका क्लॉडेट कोलबेर. प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट पडद्यावर चांगली कशामुळं जमते, असा प्रश्न मला कुणी विचारला की मी या दोरीवरच्या ब्लँकेटकडं बोट दाखवतो. दोघांच्या मध्ये काहीतरी असावं लागतं. ते दोघांनीही मानावं लागतं. आणि ते इतकं पातळ असावं लागतं की पलीकडचा श्वास ऐकू यावा. एवढं साधलं की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्याकडं येतोच, पण आधी हा चित्रपट कसा घडला ते सांगतो. तीही गोष्ट मजेची आहे.

सॅम्युअल हॉपकिन्स अॅडम्स नावाच्या लेखकाची 'नाइट बस' ही कथा १९३३ साली 'कॉस्मोपॉलिटन' मासिकात आली. ती कॅप्राला आवडली. तो त्या वेळी कोलंबिया कंपनीत होता. आज हे नाव मोठं वाटतं, पण तेव्हा हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंच्या पंगतीत कोलंबियाला मागच्या पाटावर बसवत. मोठे नट तिथं फिरकत नसत. या चित्रपटाला एकापाठोपाठ एक नट्यांनी नकार दिला. त्यांत मिर्ना लॉय होती, मार्गारेट सुलव्हन होती. शेवटी क्लॉडेट कोलबेर तयार झाली, तीही दुप्पट मानधन आणि चार आठवड्यांत सुटका या अटींवर. तिला सुटीवर जायचं होतं. गेबल एमजीएमचा नट. त्याला कोलंबियाकडं उसना पाठवण्यात आलं, आणि ती त्याला दिलेली शिक्षाच होती असं पुढं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. थोडक्यात, नायक नाखूश, नायिका घाईत आणि खर्चाला हात आखडता.

माझ्या मते या सगळ्याचा चित्रपटाला फायदाच झाला. चार आठवड्यांत झगमगाट उभा करता येत नाही. मग उरतं काय? बसमधली बाकं, रस्ता, गवताची गंजी, दोन खाटांची खोली आणि दोघांचं बोलणं. कॅप्रा आपल्या आत्मचरित्रात सांगतो की, पहिल्या खर्ड्यातली माणसं कुणालाच आवडत नव्हती. नायिका नुसती लाडावलेली आणि नायक भटक्या चित्रकार. एका मित्रानं सल्ला दिला की, मुलगी श्रीमंतीला कंटाळलेली दाखवा आणि नायकाला वार्ताहर करा, म्हणजे प्रेक्षकाला तो आपला वाटेल. तसा बदल केला आणि गोष्ट उभी राहिली.

आता ती गोष्ट. एली ही एका धनाढ्य बापाची मुलगी. तिनं एका विमानबहाद्दर पण पोकळ माणसाशी बापाच्या मनाविरुद्ध लग्न लावलं आहे. बाप तिला मायामीजवळ आपल्या नौकेवर अडकवून ठेवतो. ती पाण्यात उडी मारते, पोहत किनारा गाठते आणि न्यूयॉर्कची रात्रीची बस पकडते. त्याच बसमध्ये पीटर हा नुकतीच नोकरी गमावलेला वार्ताहर. तो तिला ओळखतो. बाप तिच्यासाठी देशभर शोध घेतो आहे, म्हणजे ही वर्षातली सर्वांत मोठी बातमी. तेव्हा करार असा की, तो तिला नवऱ्यापर्यंत पोहोचवील आणि ती त्याला बातमी देईल. दोघांचाही एकमेकांत स्वार्थ आहे, प्रेमबीम काही नाही.

इथं उरलेलं निम्मं येतं. दोघांमध्ये आडपडदा असला की प्रेक्षक वाट पाहतो, हे खरं. पण नुसती वाट पाहून कुणी दीड-पावणेदोन तास बसत नाही. दोघांना एकत्र काहीतरी करायला लागतं. आमच्याकडच्या पुष्कळ चित्रपटांत नायक-नायिका एकमेकांकडं बघतात, गातात, रुसतात, पण मिळून एक कामही करत नाहीत. मग त्यांचं कशावरून जमलं, हा प्रश्न पडतो.

एली आणि पीटर सतत काही ना काही करत असतात. सकाळी न्याहारीला डोनट आणि कॉफी. ती डोनट कॉफीत बुडवून तसाच ठेवते. तो तिला शिकवतो, असं नाही, बुडवायचं आणि लगेच तोंडात टाकायचं. आपल्याकडं चहात खारी किती वेळ धरायची याचं ज्ञान ज्याला आहे, त्याला या प्रसंगाची गोडी वेगळी सांगायला नको. लक्षाधीशाच्या मुलीला जगातली सगळी सुखं ठाऊक आहेत, हे एक सोडून. पुढं रस्त्यावर मोटारी थांबवायची वेळ येते तेव्हा तो अंगठा दाखवण्याच्या पद्धतींवर व्याख्यान देतो आणि एकही मोटार थांबत नाही. मग ती पुढं होते, स्कर्ट गुडघ्यावर घेते आणि पहिलीच मोटार करकचून ब्रेक लावते. सकाळी गुरू तो होता, आता ती. या चित्रपटात पारडं असं सारखं वर-खाली होत राहतं. कॅप्रानं लिहून ठेवलं आहे की, कोलबेर आधी पाय दाखवायला तयार नव्हती. त्यानं दुसऱ्या मुलीला बोलावल्यावर तिचा स्वाभिमान जागा झाला आणि हे माझे पाय नव्हेत म्हणत ती स्वतः उभी राहिली.

पण मला विचाराल, तर ते दोघं प्रेमात पडतात ते त्या लाकडी खोलीत, दुसऱ्या दिवशी सकाळी. बापानं पाठवलेले गुप्तहेर खोल्या तपासत येतात. पळायला जागा नाही. पीटर क्षणात तिचे केस विस्कटतो आणि दोघं चक्क नवरा-बायकोचं भांडण सुरू करतात. तो ओरडतो, ती रडते, माहेरचा उद्धार होतो. गुप्तहेर ओशाळून काढता पाय घेतात. अशी भांडणारी माणसं नवरा-बायकोच असणार, याची त्यांना खात्री पटते! दार लागतं आणि दोघं एकमेकांकडं बघून हसत सुटतात. एकानं खेळ मांडला आणि दुसऱ्यानं न सांगता तो उचलला. एवढ्या जवळिकीनंतर प्रेमाचा उच्चार करण्याची गरज उरत नाही, आणि कॅप्रा तो बराच वेळ करतही नाही. हिंदी चित्रपटाचे जुने प्रेक्षक असलेल्या आपल्याला एक गोष्ट आश्चर्याची वाटेल. हॉलिवूडच्या या प्रसिद्ध प्रेमकथेत नायक-नायिकेचं एकही चुंबन नाही.

याचं श्रेय पुष्कळदा त्या वेळच्या नियमांना दिलं जातं. हॉलिवूडनं १९३० साली स्वतःसाठी नीतिनियमांची एक संहिता केली होती, पण ती कडकपणे लागू झाली १९३४च्या जुलैपासून. हा चित्रपट त्याच वर्षी फेब्रुवारीत आला, म्हणजे त्याच्या आधी. तेव्हा ते ब्लँकेट नियमांच्या धाकानं टांगलेलं नव्हतं. झालं असं की, नियम कडक झाल्यावर इतर लेखक-दिग्दर्शकांपुढं प्रश्न पडला, आता प्रेम दाखवायचं कसं? उत्तर या चित्रपटानं तयार ठेवलं होतं. शब्दांनी भांडा. मग पुढच्या सहा-सात वर्षांत 'द ऑफुल ट्रुथ', 'ब्रिंगिंग अप बेबी', 'हिज गर्ल फ्रायडे', 'द फिलाडेल्फिया स्टोरी' असे एकाहून एक चित्रपट आले. त्यांना 'स्क्रूबॉल' हे नाव पडलं. बेसबॉलमधल्या उलट्या वळणाऱ्या चेंडूवरून आलेला हा शब्द. क्रिकेटवाल्यांनी गुगली म्हणावं.

आणखी एक आडपडदा या चित्रपटात आहे, तो पैशाचा. १९३३ साली अमेरिकेत चार कामगारांमागं जवळजवळ एक बेकार होता. त्या बसमध्ये प्रवासी गाणी म्हणतात, हसतात, आणि त्याच बसमध्ये एका लहान मुलाची आई भुकेनं मूर्च्छित होऊन पडते. हा प्रसंग क्षणभराचा आहे, पण तो काढला तर चित्रपट पोकळ होईल. उत्तरार्धात पीटर एलीला झोपेत सोडून न्यूयॉर्कला जातो. लग्नाची मागणी घालायची तर खिशात चार पैसे हवेत, म्हणून बातमी विकायला. इकडं ती जागी होते, तो दिसत नाही, तिला वाटतं आपल्याला फसवलं. गैरसमजाची ही कळ मला या चित्रपटातली सर्वांत कच्ची जागा वाटते. आज मोबाइलवर एका ओळीत ती सुटली असती. तरी प्रसंग तग धरतो, कारण त्या गैरसमजाच्या खाली खरी गोष्ट आहे, ती म्हणजे भणंग माणसाचा अभिमान.

तो अभिमान पुढं फार सुरेख प्रकट होतो. मुलीचा पत्ता लावणाऱ्याला बापानं दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलेलं. पीटर बापाकडं येतो आणि मागतो फक्त एकोणचाळीस डॉलर साठ सेंट! वाटेत झालेला खर्च आणि पेट्रोलसाठी विकलेल्या वस्तूंची किंमत. बाप व्यवहारी माणूस. एवढा हिशेब पाहिल्यावर त्याला सगळं समजतं. मग लग्नाच्या दिवशी, मुलीचा हात धरून तिला वेदीकडं नेत असताना तो तिच्या कानात सांगतो की मागच्या फाटकाशी मोटार उभी आहे, जा पळ. आणि लांबलचक ओढणी वाऱ्यावर सोडून ती पळते.

न्यूयॉर्कमध्ये चित्रपटाला आरंभी बेताचाच प्रतिसाद मिळाला. नंतर लहान गावांतल्या थिएटरांत लोक पुन्हा पुन्हा यायला लागले. १९३५च्या फेब्रुवारीत ऑस्कर जाहीर झाले, तेव्हा उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा ही पाचही मुख्य पारितोषिकं याच एका चित्रपटाला. कोलबेरला इतकी आशा नव्हती की ती गावाला निघाली होती. तिला स्टेशनावरून बोलावून आणलं आणि प्रवासाच्या कपड्यांतच तिनं बक्षीस घेतलं.

आपल्याकडं ही गोष्ट आली १९५६ साली, 'चोरी चोरी' या नावानं. दिग्दर्शक अनंत ठाकूर, राज कपूर आणि नर्गिस, संगीत शंकर-जयकिशन यांचं. मी तो पाहिला तो फार नंतर, तालुक्याच्या गावी, जुन्या चित्रपटांच्या मॅटिनीला. मूळ इंग्रजी चित्रपट तेव्हा ठाऊकही नव्हता. पुढं दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर लक्षात आलं की, तिथं जे काम भांडणं करतात, ते इथं गाण्यांनी केलं आहे. त्यातल्या एका गाण्यात तर दोघं बाहुला-बाहुली झाले आहेत. दोघांनी मिळून खेळ मांडणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं? नक्कल करणाऱ्यांना नेमकं काय उचलायचं हे कळलं होतं, म्हणून तो चित्रपट टिकला. गंमत म्हणजे, त्याच वर्षी हॉलिवूडनंही आपल्या या चित्रपटाची संगीतमय आवृत्ती काढली होती. तिचं नाव आज अभ्यासकांखेरीज कुणाला आठवत नाही.

१९९१ साली महेश भट्ट यांनी हीच गोष्ट 'दिल है के मानता नहीं'मध्ये आणली. आमिर खान आणि पूजा भट्ट. त्यात माझ्या लक्षात राहिले आहेत ते अनुपम खेर, म्हणजे बाप. लग्नमंडपात मुलीच्या कानाशी लागून तिला पळायला सांगणारा बाप. मूळ चित्रपटात तो व्यवहारी वाटतो, इथं तो जवळजवळ देवमाणूस आहे. आणि थिएटरात या प्रसंगाला सर्वांत जास्त टाळ्या पडायच्या. त्या कोण वाजवत होतं आणि का, याचा मी तेव्हा फारसा विचार केला नव्हता.

मराठीत आपली चाल निराळी. १९३८ साली मास्टर विनायकांनी हंस पिक्चर्ससाठी 'ब्रह्मचारी' काढला. लेखन आचार्य अत्र्यांचं. त्यातला औदुंबर हा साधा तरुण एका देशभक्ताचं ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून पेटतो, भिंतीवरच्या नट्यांच्या तसबिरी फेकतो आणि व्रत घेतो. मग किशोरी समोर येते, म्हणजे मीनाक्षी शिरोडकर. पोहण्याच्या पोशाखातलं तिचं गाणं त्या काळात गाजलं ते अजून गाजतंच आहे. पण लोक त्या पोशाखाबद्दल बोलतात आणि अत्र्यांची खरी करामत विसरतात. इथं बाप आड येत नाही, पैसा आड येत नाही. आडपडदा नायकानं स्वतःच, स्वतःच्या हातानं, मोठ्या अभिमानानं टांगला आहे. भीष्मप्रतिज्ञा केलेला माणूस तलावाकडं चोरून बघतो आहे, याहून विनोदी काय असणार? कॅप्राच्या दोरीवर ब्लँकेट होतं, अत्र्यांच्या दोरीवर भगवी कफनी होती असं म्हणायला हरकत नाही.

मात्र एक विचार मला सोडत नाही. अत्र्यांनी आडपडदा नायकाच्या मनात नेऊन टांगला तो केवळ कल्पकतेपोटी, की बाहेरची भिंत विनोदाला झेपणार नाही हे त्यांच्यातल्या नाटककाराला ठाऊक होतं म्हणून? 'ब्रह्मचारी'च्या दोनच वर्षं आधी, १९३६ साली, बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या'मध्ये ब्राह्मण मुलगा आणि अस्पृश्य मुलगी एकमेकांवर प्रेम करतात आणि शेवटी मुलगी रेल्वेखाली जीव गमावते. तिथं कुठल्याही बापाला मंडपात कानाशी लागायची सोय लेखकानं ठेवली नव्हती. कशी ठेवणार?

म्हणूनच नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली पाहताना मी चक्रावलो. मध्यंतरापर्यंत तो चित्रपट म्हणजे उत्तम विनोदी प्रेमकथा आहे. आपण आतापर्यंत बोललो ते सगळं त्यात आहे. पारडं वर-खाली होणं आहे. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि वर्गात रोखून बघणाऱ्या परशाला सरळ जाब विचारते. विहिरीत ती पोहत असताना तो उडी मारतो तो प्रसंग आहे. मित्रांच्या थट्टा आहेत, चिठ्ठ्या आहेत. ज्या थिएटरात मी तो पाहिला तिथं पोरं पडद्यासमोर नाचत होती. श्रीमंत, जबरदस्त बापाची मुलगी आणि गरिबाचा मुलगा; हाडाचा सांगाडा तोच, नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या बसमधला. मुलगी इथंही पळते. फक्त हिला पळ म्हणून सांगणारं घरात कुणी नाही.

मग हैदराबाद येतं. तिथं दोघं खरोखर मिळून काम करतात. तो गाडीवर डोसे करतो, ती कारखान्यात जाते. भांडतात, समेट करतात, घर उभं करतात, एक मूल होतं. एली आणि पीटरची गोष्ट कॅप्रानं जिथं थांबवली, तिथून पुढचं हे सगळं. कॅप्राचा शेवट आठवा. पुन्हा तशीच एक लाकडी खोली. बाहेर मालक आणि त्याची बायको कुजबुजताहेत की हे लग्न झालेलं जोडपं, मग दोरी आणि ब्लँकेट कशाला मागितलं? आणि एक खेळण्यातली तुतारीसुद्धा? तेवढ्यात आतून तुतारी वाजते, ब्लँकेट खाली पडतं, दिवा मालवतो. आपल्याला दोघांचे चेहरेही दिसत नाहीत.

'सैराट'मध्ये शेवटी दार वाजतं तेव्हा माहेरची माणसं आलेली असतात, आईनं पाठवलेल्या भेटी घेऊन. आर्ची त्यांच्यासाठी चहा टाकते. तिला वाटत असतं की भिंत पडली. पुढचं सांगत नाही; पाहिलं नसेल त्यांनी पाहावं. एवढंच सांगतो की, त्यानंतर पडद्यावरचा सगळा आवाज बंद होतो, आणि मघाशी पडद्यासमोर नाचणारी ती पोरं दिवे लागल्यावरही खुर्चीतून उठली नाहीत.